चाटणावर मुळा

आमच्या म्हाताऱ्याला मुळा आवडत नाही. किती आवडत नाही, तर लग्न होऊन मी उत्तरेकडून इकडे सुचौच्या कालव्यांच्या मुलखात आले, पहिल्याच आठवड्यात मोठ्या हौसेनं माहेरच्यासारखं मुळ्याचं सार केलं, आणि ह्या गृहस्थानं एकेक फोड जेवायच्या काड्यांनी उचलून वाडग्याच्या काठावर मांडून ठेवली. नुसता बसला, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. मला मुळा म्हणजे जीव की प्राण. मग मीच त्या फोडी उचलून माझ्या वाडग्यात घेतल्या. तेव्हापासून रीतच पडून गेली. सार वाढायचं आणि त्याचा मुळा मी खायचा. सासूबाई म्हणायच्या, "लाडावून ठेव अजून!" ठेवला लाडावून. त्याचं फळ ह्या हिवाळ्यात मिळालं.

पण आधी गेल्या हिवाळ्याचं सांगते. गेल्या हिवाळ्यात म्हाताऱ्यानं फार घाबरवलं. खोकला लागला तो थंडी सरेपर्यंत हटेना. मी आल्याचं पाणी करत होते, त्याचे पाय कढत पाण्यात बुडवून बसवत होते, पाठ शेकत होते. तो एकदाचा बरा झाला आणि एका सकाळी कालव्याच्या पायरीवर भाजी धुताना माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. डोळे उघडले तर मी घरात, पलंगावर. ह्यानं उचलून आणलं म्हणे. ह्या वयात! सगळ्यांना मी सांगितलं, पाय घसरला, पायरीवर शेवाळ किती असतं. म्हाताऱ्यालाही तेच सांगितलं. तो "हं" म्हणाला आणि दिवसभर माझ्या मागे मागे फिरत राहिला. शेवटी मी हाकलला त्याला.

म्हणून ह्या वर्षी थंडी पडायच्या आधीच मी ठरवून टाकलं, ह्याला हिवाळ्यात ताकदीसाठी घेतात ते चाटण द्यायचंच. पुन्हा तसा खोकला झाला तर हा निभावणार नाही, आणि तो नसेल तर मी भांडू कोणाशी? मुलगा वेनताओ शांघायहून फोनवर म्हणाला, "आई, तूही घे ना. दोन बरण्या करून घ्या."

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. "माझ्या नावाची बरणी घरात आली तर कालव्यात फेकून देईन, सांगून ठेवते."

मला चाटणाची भीती वाटते, खरं तेच सांगते. माझी आई जन्मभर धडधाकट होती. तिनं चाटण सुरू केलं आणि त्या दिवसापासून ती म्हातारी झाली. एकदा चाटण सुरू केलं की आपण कमजोर आहोत हे कबूल केल्यासारखंच. आणि मी कमजोर झाले तर ह्या माणसाचं कोण करणार? ह्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

वैद्य च्यू ह्याचा शाळेतला दोस्त. औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसतो. नाडी बघतो, जीभ बघतो आणि ज्याला जे सोसेल तसं चाटण लिहून देतो. एकाचं चाटण दुसऱ्याला चालत नाही. मी म्हाताऱ्याला हाताला धरूनच नेलं, तर हा स्टुलावर बसून हात पाठीमागे लपवतोय.

"आधी हिची बघ," म्हणाला. "दुखतं का ते कळू दे."

"नाडी बघताना दुखतं होय रे?" मी म्हटलं. "लाज वाटू दे जरा."

पण हट्टाला पेटला. शेवटी मीच हात पुढे केला, म्हटलं घ्या, कार्टं तरी गप्प बसेल. वैद्यबुवांनी बोटं ठेवली ती ठेवलीच. डोळे मिटले. मग दुसरा हात मागितला. "जीभ दाखवा वहिनी. हात नेहमी असेच गार असतात? उठताना गरगरतं?"

"थंडीत कोणाचे हात गार नसतात? अहो, आजारी तो आहे!"

"हो हो, त्याचीही बघतो," म्हणाले, आणि म्हाताऱ्याची नाडी धरली न धरली तोच सोडून दिली. मला वाटलं, दोस्ताचं काम, मन लावून थोडंच करणार!

हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सणाच्या आदल्या दिवशी म्हातारा स्वतः जाऊन बरणी घेऊन आला. काळंभोर, तुकतुकीत चाटण. त्यात अक्रोड, लाल बोरं, गाढवाच्या कातड्याचा डिंक, सगळं आटवून घातलेलं. मी झाकण उघडून वास घेतला. "ह्यात तांगक्वेईची मुळी आहे. ती बायकांना रक्त वाढायला देतात. तुला कशाला?"

"मला काय ठाऊक? वैद्य तू आहेस की तो?"

नियम मी म्हाताऱ्याला पुन्हा पुन्हा ऐकवले. सकाळी उपाशीपोटी, कढत पाण्यात एक चमचा. चमचा कोरडा हवा, ओला घातलास तर बुरशी येईल. कडक चहा नाही. आणि मुळा तर अजिबात नाही, कारण चाटणावर मुळा पडला की चाटणाची सगळी ताकद गेली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मुळ्याचं आपलं रीत म्हणून सांगितलं, इतकंच. ज्या माणसाच्या वाडग्यातला मुळा मी आयुष्यभर वेचला, त्याला काय सांगायचं?

पहिल्या सकाळी त्यानं माझ्यासमोर चमचाभर घेतलं, तोंड वाकडं केलं आणि "पाय मोकळे करून येतो" म्हणून निघून गेला. दुपारी मटणाच्या रश्श्याचं दुकान चालवणारी तोंग बाई कालव्यापलीकडून ओरडली, "याओ काकू, काकांना आमचा मुळा फारच आवडला हो! मटण ठेवलं आणि मुळाच मागून मागून खाल्ला!"

मी हातातली बादली खाली ठेवली. "कोणी? आमच्या ह्यांनी? तू दुसऱ्या कोणाला तरी बघितलं असशील."

"छे! टोपी तीच, आणि खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं."

म्हातारा घरी आला. मी दारातच उभी होते. "तोंड उघड," मी म्हटलं. उघडलं. मुळ्याचा भपकारा आला.

"अरे कर्मा! जन्मात शिवला नाहीस, आणि आज, नेमका आज खाल्लास? चाटणावर?"

"खावासा वाटला."

"खावासा वाटला! नको म्हटलं की तेच हवं! लहान आहेस का तू? गेल्या वर्षी खोकून खोकून निळा पडला होतास, आठवतंय? मी तुझ्या उशाशी बसून काय काय बोलले होते देवाला, ते तुला कशाला कळेल!" मला रडूच फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखीनच राग आला.

म्हातारा टोपी हातात घेऊन उभा. म्हणतो, "आता मला त्याचा काही उपयोग नाही. आणि मुळा काही मी सोडणार नाही, चटक लागली. दे ती बरणी, कालव्यात ओतून येतो."

"हात तर लाव बरणीला!"

त्याला पक्कं माहीत होतं. मी भाताचं शीत टाकत नाही. वेनताओच्या शाळेतल्या शर्टाची बटणं माझ्याकडे अजून डबीत आहेत. ती एवढी बरणी मी ओतू देईन? दोन दिवस ती फळीवरून माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या सकाळी मी विचार केला, ज्याचं चाटण त्यालाच हे खरं, पण आम्ही इतकी वर्षं एका भांड्यातलं खातोय, एका पांघरुणात झोपतोय, आमच्या नाड्या काय आता वेगळ्या राहिल्या असतील? आणि घेतला चमचा. गोडसर कडू लागलं. म्हातारा पेपर वाचत होता. पेपर उलटा होता, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

मग सुरू झाला माझा वनवास. चाटण मी खायचं म्हणजे मुळाही मीच सोडायचा, आणि हा पठ्ठ्या रोज मुळा आणून समोर बसून खाणार! उकडलेला, खारवलेला, कच्चा. कच्च्याचा कर्रकन आवाज आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. त्याचं तोंड तर असं व्हायचं की पायात काटा मोडलाय. "चटक लागलीय ना?" मी म्हणायची. "मग नीट चावून खा."

"फार छान आहे," तो म्हणायचा आणि घोटभर पाण्याबरोबर गिळायचा.

थंडी वाढली. कालव्यावर सकाळी पातळ बर्फ दिसायला लागला. मी रोज कान लावून बसायची, आता खोकेल, मग खोकेल. हा काही खोकेना. आणि माझं काय झालं, तर भाजी धुताना बोटं बधिर होईनात. पायरीवरून उठले की गरगरेना. तोंग बाई म्हणाली, "काकू, गाल कसे लालबुंद झालेत, नवऱ्यानं नवा कोट घेतला का?" मला एकदम भीती वाटली. पुरुषाच्या औषधानं आपल्याला काही भलतंच व्हायचं! बरणी तळाला लागत आली होती. न सांगता तशीच गेले वैद्य च्यूंकडे आणि सगळं ओकून टाकलं. ह्यानं मुळा खाल्ला, त्याचं चाटण मी खाल्लं, काय करायचं ते करा पण ह्याला वाचवा, आणि माझ्या पोटात गेलेल्याचं काय ते सांगा.

वैद्यबुवा हसायलाच लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"हसताय काय? माणूस मरेल तिकडे!"

"कोण, गेनशंग? वहिनी, त्याच्या छातीत कफ आहे, तेवढाच. त्याला चाटण दिलं असतं तर कफ आणखी वाढला असता. मी त्याला सांगितलं, तुझं औषध म्हणजे मुळा. हिवाळाभर रोज खा. असा चेहरा केला त्यानं, मला वाटलं माझ्या टेबलाखाली लपतोय आता."

"मग चाटण?"

"तुमची नाडी मी उगाच धरून बसलो होतो का? त्याच दुपारी तो एकटा परत आला. म्हणाला, तिच्या अंगात रक्त राहिलं नाही, मी उचलली तेव्हा हाताला काही वजनच लागलं नाही. पण ती स्वतःसाठी घेणार नाही, आणली तर कालव्यात फेकेल. मी म्हटलं, मग काय करणार? तो टोपी हातात फिरवत बसला. मग विचारतो, चाटणावर मुळा खाल्ला तर चाटण वाया जातं ना रे? आणि मांडीवर थाप मारून उठला."

मी तिथेच स्टुलावर बसले. पुलावर आले तेव्हा वारा बोचरा होता आणि माझे हात मात्र गरम होते. इतका राग आला मला त्याचा! इतकी वर्षं मला वाटायचं, ह्याला मी सांभाळते. वजन लागलं नाही म्हणे. मेला. पुलाच्या कठड्याला टेकून मी पोटभर रडले आणि मग बाजारात जाऊन चांगले जाडजूड मुळे घेतले.

घरी काही बोलले नाही. का बोलू? त्या रात्री मुळ्याचं सार, सकाळी मुळ्याचं लोणचं, दुपारी मुळ्याची भजी. "घे ना," मी म्हणायची, "तुला आवडतो ना? अजून वाढू?"

"पुरे," तो बारीक आवाजात म्हणायचा.

"असं कसं पुरे? तुझ्या आवडीचं आहे, मला तर खाता येत नाही. तू माझ्याही वाटणीचा खा!" बिचारा खायचा. औषधच होतं त्याचं, मला काय वाईट वाटायचं कारण? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की मी उठून चुलीकडे तोंड करून हसायची.

वसंत लागायच्या आदल्या दिवशी बरणीतला शेवटचा चमचा मी घेतला, कढत पाणी घालून बरणी विसळली आणि तेही पिऊन टाकलं. आमच्या माहेरी वसंत लागला की पहिल्या दिवशी मुळा चावायचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी मुळ्याचं सार केलं, माहेरच्यासारखं, पहिल्यांदा केलं होतं तसंच. दोन वाडगे वाढले. म्हाताऱ्यानं आपल्या वाडग्यात बघितलं, खोल श्वास घेतला आणि काड्या उचलल्या.

मी माझ्या काड्या पुढे केल्या. त्याच्या वाडग्यातली एक फोड उचलली, माझ्या वाडग्यात घातली. मग दुसरी. मग तिसरी. तो बघत राहिला. मी एकही फोड ठेवली नाही.

"च्यूनं सांगितलं?" तो म्हणाला.

"केव्हाच सांगितलं."

"आणि तरी तू मला ती भजी..."

"हो. आणि ते लोणचंही."

मग त्यानं हात पुढे करून माझा हात चाचपला, वैद्यासारखा, पण बोटं भलत्याच ठिकाणी ठेवली. नाडी तिथे नसतेच.

"गरम आहे," म्हणाला.

"सार पी," मी म्हटलं. "गार होईल."