सासूबाईंची फुंकणी

सूपवालीची सासू गेली ती धुरानेच. जन्मभर गाडीवर कोळशाची शेगडी फुंकत बसली आणि एके दिवशी फुंकता फुंकता तिचाच श्वास संपला. मागे सुनेकडे गाडी आली, शेगडी आली आणि तो खोकलाही आला. डॉक्टरने बजावलं, आणखी एक हिवाळा धूर खाल्लास तर सासूच्या शेजारी जागा धरून ठेव.

म्हणून सुनेने बॅटरीवरची शेगडी घेतली. धूर नाही, राख नाही, नुसतं बटण दाबायचं. जुनी शेगडी भंगारात गेली, पण सासूची लोखंडी फुंकणी काही टाकवेना. ती गाडीच्या खिळ्याला लटकवली. तिथेच चुकलं बाईचं.

पहिल्याच संध्याकाळी सूप उकळायला आलं, कडेने बुडबुडे आले, आणि फूऽऽ. सुपावर सुरकुती पडली, उकळी खाली बसली. आच वाढवली, पुन्हा फूऽऽ. वारं म्हणावं तर शेजारच्या किल्लीवाल्याच्या सिगरेटचा धूर सरळ वर चालला होता. सुनेने फुंकणीला हात लावला. तोंडाकडून ती कोमट होती. आणि ओली. मग गाडीखालून खोकला आला. तो खोकला तिने झोपेतही ओळखला असता.

आठवडाभर गिऱ्हाइकं कोमट सूप तसंच ठेवून निघून गेली. किल्लीवाला म्हणे, ये परत कोळशावर, वीज काही तुला मानवत नाही. शेवटी तिने एक उसनी शेगडी आणि कोळशाचं पोतं आणलं. पोतं सोडायला वाकली आणि धूळ उडाली मात्र, छातीत अशी कळ आली की ती मटकन खाली बसली.

बसल्या बसल्या तिने गाडीखालच्या अंधारात बघितलं. हळूच म्हणाली, "सासूबाई, विस्तव राहिला नाही आता. कशाला फुंकताय?"

खोकला थांबला. मग अगदी कानाशी आवाज आला, "मग मी करू काय दिवसभर?"

सून दचकून मागे सरकली. पण सून ती सूनच, सासूला कामाला लावायची संधी सोडते होय? म्हणाली, "वाडगा भरला की फुंका. लोकांच्या जिभा पोळतात."

तेव्हापासून सूप खळाखळा उकळतं, आणि वाडगा हातात घेतला की त्यावर एक सुरकुती उमटते. मानेला कुणाचा श्वास लागल्यागत गिऱ्हाइकं मान चोळत मागे वळून बघतात आणि आणखी एक वाडगा मागतात. पोतं किल्लीवाला घेऊन गेला.

हिवाळा सरला तसा सुनेचा खोकला गेला. गाडीखालचाही गेला. आता तिथून कुणीतरी गुणगुणतं. सूर अगदीच बेकार, पण सासूला सांगणार कोण?