चौकोनी चाकांची सायकल

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा बरं. डोळे मिटू नका, मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? खोलीत कापडांचे ढीग, कोपऱ्यात शिलाई मशीन आणि मधोमध कापड बेतायचं लांबलचक टेबल. ही आत्याची खोली. आत्या कपडे शिवायची. तिच्या भाचीचा पाय कधी घरात ठरत नसे, म्हणून सगळी गल्ली तिला भिंगरीच म्हणायची.

या भिंगरीच्या डोक्यात चित्रमंडळाचं खूळ शिरलं. लहानमोठ्या सगळ्यांनी रविवारी जमायचं आणि चित्रं काढायची. जागा मात्र आत्याची.

"जागा देईन," आत्या ओठांतल्या टाचण्या सांभाळत म्हणाली, "पण मोठेही चित्रं काढणार असतील तरच. नुसती पोरं सांभाळायला मी पाळणाघर नाही उघडलेलं. रविवारी मोठ्यांपैकी कोणी काढलं नाही, तर मंडळ तिथेच बंद."

रविवारी पोरांनी जमिनीवर फतकल मारली आणि ती कागदांवर तुटून पडली. मोठे मात्र टेबलाशी दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखे बसले.

"मला सायकल दुरुस्त करता येते. काढता कुठे येते?" सायकलवाले मामा म्हणाले.

पोस्टमनकाकांनी एक रेघ ओढली, खोडली, पुन्हा ओढली, पुन्हा खोडली. शेवटी कागदालाच भोक पडलं. "बोगदा समजा," ते म्हणाले.

शेजारच्या आजींनी पट्टी मागितली, मग चष्मा शोधला, मग त्यांना घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं.

आत्या टेबलावरचे कोरे कागद गोळा करू लागली. "झालं हो तुझं मंडळ, भिंगरे."

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. तिने मामांचा कागद ओढला आणि भराभर एक सायकल काढली. चाकं चौकोनी. घाईत की मुद्दाम, ते तिचं तिलाच ठाऊक.

"अगं, ही चालणार कशी?" मामांनी विचारलं.

"चालते की. ठक ठक करत."

"दे इकडे. माझ्या दुकानाची अब्रू घालवशील."

चाकं गोल झाली, त्यांत तारा आल्या, साखळी आली. ब्रेक नसलेली सायकल मामा कुणाला देत नसत, म्हणून ब्रेकही आला. ते बघून पोस्टमनकाकांना चेव चढला. त्यांनी भोकाभोवती चांगली टपालपेटी उभी केली. आजी दूध विसरल्या आणि मामांच्या सायकलवर वेलबुट्टी काढू लागल्या.

"आजी, सायकल आहे ती. रुमाल नव्हे."

"असू दे रे. ओकीबोकी दिसत होती."

आत्या कोरे कागद हातात धरून बघतच राहिली. "बरं बाई," ती शेवटी म्हणाली, "दर रविवारी या. पण मला यात ओढू नका. मला कापडावर खडूने रेघ मारता येते, चित्र नाही जमत."

भिंगरीने आत्याच्या हातातून एक कोरा कागद काढून घेतला, त्यावर तीन बाह्यांचा सदरा काढला आणि तो कागद पेन्सिलीसकट आत्यासमोर सरकवला.