हाडांवरचा लेप

पुरातत्त्व संघटनेनं अधिवेशनासाठीचा माझा शोधनिबंध नाकारला. कारण काय, तर ‘वेळेअभावी’! हजारो वर्षं मातीत थांबलेल्या माणसांसाठी आमच्या चिटणिसांकडे पाव तास नव्हता.

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. संघटनेचे अध्यक्ष म्हणजे माझे वडील, अप्पा. तरुणपणी त्यांनी नदीकाठी उकरून काढलेली माणसं दहा हजार वर्षांपूर्वीची, या भागातली सर्वांत जुनी म्हणून गाजली. संघटनेच्या बिल्ल्यावरसुद्धा त्यातलीच एक कवटी आहे. तेच वय घालून जाडजूड ग्रंथ यंदा छपाईला जायचा होता. आणि मी, त्यांचीच पोर, प्रयोगशाळेत ती हाडं नीट साफ करून तपासली, तर ती निघाली दोन हजार वर्षांनी तरुण!

भानगड साधी होती. ठिसूळ हाडं टिकावीत म्हणून त्यांना चकचकीत लेप लावलेला होता. तो लेप खनिज तेलापासून बनतो, त्यातला कार्बन महाजुना. तो हाडात मुरला की कार्बनवरून वय काढणारं यंत्र फसतं आणि वय फुगवून सांगतं. पहिल्या तपासणीत लेप कुणी काढलाच नाही, कारण तो आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी हे आधी घरी मांडलं. लेपाचं नाव काढताच अप्पा ताडकन उठले. “चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवू नकोस.” आई म्हणाली, “अहो, ऐकून तर घ्या.” तिलाही दटावलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. हट्टीपणात खाण तशी माती, मीही काही कमी नाही.

पण ग्रंथ छापला की संपलंच. देशोदेशीचे अभ्यासक त्याच चुकीच्या आकड्यावर इमले बांधणार, पोरं तोच पाठ करणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, बघतेच.

अधिवेशनात मला भित्तिपत्रक लावायला जागा दिली, तीही स्वच्छतागृहाच्या दाराशी. येणारा-जाणारा हात झटकत “वा, छान” म्हणून सटकायचा. चिटणीस गोड हसून म्हणाले, “ताई, मुद्दाम वर्दळीची जागा दिलीय तुम्हाला.”

“दिसतंय ना,” मी म्हणाले. “तुम्हीच तिसऱ्यांदा आलात.”

शेवटच्या सत्रात अप्पा व्यासपीठावरून ग्रंथाला मंजुरी घेत होते. “कुणाला काही विचारायचंय?” मी हात वर केला. चिटणीस माईक घट्ट धरून म्हणाले, “फक्त प्रश्न हं ताई, भाषण नको.”

“एवढासाच आहे.” मी माईक ओढून घेतला. आवाज खणखणीत निघाला. “अध्यक्षमहोदय, या हाडांना लेप कुणी लावला?”

उत्तर मला ठाऊक होतं. हाडांचा भुगा व्हायला लागला तेव्हा अप्पांनी स्वतःच्या दाढीच्या ब्रशनं लेप चढवून ती वाचवली, ही गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. अप्पा कितीही आडमुठे असले, तरी तोंडावर खोटं बोलणारे नव्हते. त्याच भरवशावर मी उभी होते.

चिटणीस घाईघाईनं म्हणाले, “चला, पुढचा प्रश्न...”

“मी लावला,” अप्पा म्हणाले.

“मग तपासायला पाठवताना तसं कळवलंत?”

“नाही. तेव्हा सुचलंच नाही.”

“मग वय बरोबर कसं?”

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला त्यांची फार दया आली, पण मी खाली बसले नाही.

“नाही बरोबर,” ते म्हणाले. “ग्रंथ थांबवा. आधी हिचा निबंध ऐका.” मग माईकमधूनच, सगळ्यांदेखत, माझ्याकडे बोट रोखून म्हणाले, “आणि तू आज घरी जेवायला येऊ नकोस!”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“येणार,” मी म्हणाले. “मला आईनं बोलावलंय, तुम्ही नाही.”