केरबाच्या खानावळीतला वरवंटा

मी वरवंटा. काळ्या दगडाचा, अंगानं जड. मंगळवार पेठेत केरबाची मटणाची खानावळ आहे, तिथं एक्क्याण्णव साली आलो. मला माफ करायला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

केरबानं दारावर पाटी लावली होती, ‘मसाला पाट्यावरचाच’. पाटी त्याची, राबणारे हात लीलाचे. लीला त्याची धाकटी बहीण, नवरा वारल्यावर भावाकडं राहायला आलेली. खोबरं, तीळ, खसखस, लसूण रोज सकाळी ती माझ्याखाली रगडायची. कशाचं किती घ्यायचं, ते फक्त तिलाच ठाऊक.

त्र्याण्णव साली तिची बोटं सुजायला लागली. उठल्यावर मूठच वळेना. मला धरताना ती कळवळायची आणि मला माझ्याच वजनाची लाज वाटायची. केरबा म्हणायचा, "बायकांचं हातपाय दुखायचंच की. तेल लाव." आठ वर्षं तेल लावलं. बोटं वाकडी झाली, तरी गिऱ्हाईक रश्श्याची तारीफ करत होतं.

मग दोन हजार एक साली केरबाचीच मनगटं सुजली. अरे बाप रे, काय तो आरडाओरडा! पंधरा दिवसांच्या आत दवाखाना, रक्त, एक्स-रे. सोबत पिशवी धरायला लीला. तिथं काय झालं, ते तिनं दुसऱ्या दिवशी वाटता वाटता मला सांगितलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा संधिवात पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. घरात आणखी कुणाला आहे?"

"न्हाय," केरबा म्हणाला. शेजारी सख्खी बहीण बसलेली असताना! तिला आजारी म्हटलं तर मसाला कोण वाटणार?

लीलानं पदराखालचे दोन्ही हात काढून टेबलावर ठेवले. "मग ह्ये काय हाय, बाई?"

"कधीपासून?"

"आठ वर्सं झाली."

बाई केरबाकडं बघत राहिल्या. "हिलाही गोळ्या देते, दुखणं थांबेल. बोटं सरळ व्हायची नाहीत. तेव्हाच आणायचं होतं हिला."

तीन महिन्यांत केरबा ठणठणीत झाला. लीलाची वेणी मात्र भाची श्रुती घालते.

मग एके दिवशी लीलानं भावाला पाट्यापुढं बसवलं. "दादा, आता तू वाट. न्हायतर मसाल्याचं माप सांगत न्हाय."

"लिले, मिक्सर आणू की!"

"आण. आधी दारावरची पाटी उतरव."

पाटी उतरवली तर गिऱ्हाईक तुटणार. केरबानं मला हातात घेतलं. पहिल्याच दिवशी मी त्याचा डावा अंगठा चेचला. होय, मुद्दाम! नख काळंनिळं झालं. तो बोंबलला, पण लीला हसली नाही. "वाट," एवढंच म्हणाली.

आता दोन हजार सात उजाडलंय. मी झिजलोय, केरबा मला घरामागच्या परड्यात टाकायच्या गोष्टी करतोय. बाबांनो, घरातली बाई सकाळी मूठ वळत नाही म्हणाली, तर तिला तेलाची बाटली देऊ नका, दवाखान्यात न्या. आणि केरबाला सांगा, इतक्यात मला टाकू नकोस. त्याचा उजवा अंगठा अजून शाबूत आहे.