वैशाखापर्यंत पुरेल एवढा

"दोन्ही सारखेच दिसतेत की रं," गुरुसिद्धप्पा म्हणाले आणि ज्वारीचं पोतं थापटावं तसे त्यांनी काउंटरवरचे दोन्ही लॅपटॉप थापटून पाहिले.

सिद्धाराम हसला. उमरग्यातलं हे दुकान त्याचं. मुरूमच्या गुरुसिद्धप्पांच्या भुसार दुकानाशी त्याच्या वडिलांचा जुना व्यवहार, म्हणून तो त्यांना काका म्हणायचा.

"पडदा त्योच, बॉडी तीच, काका. फरक आतल्या प्रोसेसरचा. ह्यो साधा. ह्यो फास्ट, वीस हजारानं जास्ती."

"वीस हजार? आन् दिसत तर कायबी न्हाय!"

"बैलाचं बळ तरी दिसतंय व्हय, औताला जुंपल्याबिगर?"

गुरुसिद्धप्पांना हे बोलणं आवडलं. ते मोकळेपणी हसले. शेजारी स्टुलावर बसलेल्या उमादेवीलाही बरं वाटलं. नवरा हसला की अर्धं काम झालं, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं होतं.

हा महागाचा लॅपटॉप घ्यावा म्हणून दसऱ्यापासून तीच नवऱ्याच्या मागे लागली होती. शिवप्रिया लातूरला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होती. जुना लॅपटॉप बाकी सगळं करायचा, पण घराचं मोठं ड्रॉईंग उघडलं की अडकून बसायचा. पोरगी सुट्टीला आली की त्याच्यापुढे हात जोडून बसलेली दिसायची. उमादेवीला प्रोसेसर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण एक गोष्ट पोरीपासून लपवून ठेवल्याला आता तीन महिने होत आले होते, आणि निदान लॅपटॉप तरी तिच्या मनासारखा मिळावा, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"ताईचं अजून अडीच वर्ष हाय," सिद्धाराम सांगत होता. "फास्ट घेतला तर कोर्स संपंस्तोवर बघायचं काम न्हाय. साधा वर्षाभरात रडाया लागंल. तिचं काम जड हाय, काका. थ्रीडी असतंय त्यात."

"वरीसभर चालतोय ना साधा?"

"तेवढा चालंल."

"मग झालं की! वैशाखापर्यंत पुरला तरी बास. उगं वीस हजार कशाला घालायचे?"

उमादेवीनं मान खाली घातली. शिवप्रिया महागाच्या लॅपटॉपवर बोट फिरवत होती. ते बोट थांबलं.

"अप्पा, वैशाखात काय हाय?"

गुरुसिद्धप्पा खिशातला रुमाल शोधू लागले.

"काय न्हाय. घरी बोलू."

"काय हाय वैशाखात?" आता तिनं आईकडे पाहिलं.

"पोरगा चांगला हाय, प्रिया," उमादेवी म्हणाली. बोलायचं काही वेगळंच होतं, तोंडातून हे निघून गेलं.

सिद्धाराम उगाच पाठीमागच्या फळीवरचे खोके सरळ करू लागला. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक आलं, माऊसची किंमत विचारून गेलं.

"सोलापूरचं घराणं हाय. आपल्यातलंच," शेवटी गुरुसिद्धप्पाच म्हणाले. "महांतेशराव पुण्यात कंपूटरच्याच कंपनीत हायेत. शिक्षणाला त्यांची ना न्हाय. लग्नानंतर बघू म्हणलेत." मग त्यांना काहीतरी सुचलं. "थांब. त्यांनाच इचारतो की. ह्यातलं त्यांना कळतंय."

ते फोन घेऊन पायरीवर गेले. आत काचेतून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ते हसताना दिसत होते. पोरीचं ड्रॉईंग कसं अडकतं हे उमादेवीनं त्यांना कितीदा सांगितलं होतं. तेव्हा ते जेवताजेवता हूं म्हणायचे आणि ताक मागायचे.

परत आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं.

"मोठाच घ्या म्हणतेत! साध्यात पैसे घालूच नका म्हणले. पुढं घरात त्यांच्याबी कामाला येईल. सिद्धाराम, फास्ट बांध."

सिद्धारामनं शिवप्रियाकडे पाहिलं. मग त्यानं बिलाचं पुस्तक ओढलं.

"नाव काय टाकू?"

"महांतेश टाक. फोन नंबर त्यांचाच देतो. वॉरंटीचं काय लागलं तर ते बघतील, आमाला काय समजतंय त्यातलं?"

उमादेवीच्या मनात आलं, आता उठावं. म्हणावं, पोरीचं नाव टाका. एवढंच तर म्हणायचं होतं. तिनं पदर सावरला आणि ती बसून राहिली.

"दादा," शिवप्रिया म्हणाली, "साधा द्या."

"अगं, मोठा घेतोय की तुला!" गुरुसिद्धप्पा चकित झाले.

"वैशाखापर्यंतच पायजे ना मला? साधा पुरतोय. आन् बिलावर माझं नाव टाका. शिवप्रिया गुरुसिद्धप्पा. फोन नंबर सांगते, लिवून घ्या."

तिचा आवाज चढला नव्हता. सिद्धारामनं तिनं सांगितला तो नंबर लिहून घेतला, एकदा वाचून दाखवला, आणि मग साधा लॅपटॉप खोक्यात घालताना गरज नसताना त्याच्याभोवती जास्तीचा कागद गुंडाळला.

परतीच्या एसटीत गुरुसिद्धप्पांना पुढं जागा मिळाली. मायलेकी मागच्या बाकावर बसल्या. खोकं शिवप्रियाच्या मांडीवर. दोघीच असल्या की आईशी ती नेहमी कानडीत बोलायची. आज तिनं मराठीत विचारलं, परक्या बाईला विचारावं तसं.

"तुमाला ठाव होतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"श्रावणापासून. तुझी परीक्षा होती, म्हणून हे म्हणले..."

शिवप्रियानं खिडकीकडे तोंड फिरवलं. उमादेवीनं खोक्याला हात लावला, तुझ्या मांडीला रग लागेल, दे इकडं म्हणून. पोरीनं खोकं सोडलं नाही.

घरी आल्यावर गुरुसिद्धप्पांनी चहा घेतला आणि सोलापूरला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवायची त्यांची सवय होती. व्याह्यांनी खरेदी झाली का म्हणून विचारलं.

"झाली, पण साधाच घेतला. म्या मोठा घेत होतो हो! पोरगीच नको म्हणली. काय म्हणून बापाचे वीस हजार घालवायचे, आसं वाटलं आसंल तिला. लई समजूतदार हाय आमची प्रिया."

"आता कुठं मिळत्यात अशा पोरी," तिकडून बाईचा आवाज आला. "आमच्या नशिबानं मिळाली. तुळशीचं लग्न झालं की सुपारी फोडून घेऊ."

"घेऊ की!"

ओट्यापाशी उभ्या उमादेवीला हे सगळं ऐकू गेलं. पोरीनं दुकानात जे केलं, ते या दोन घरांनी बघता बघता गुण म्हणून पदरात पाडून घेतलं होतं. उद्या तेच सगळ्या भावकीत सांगितलं जाणार. ती बैठकीच्या दारापर्यंत गेली.

"तसं न्हाय ते," ती म्हणाली.

गुरुसिद्धप्पांनी फोनवर हात ठेवला. "काय?"

"पैशापायी न्हाय नको म्हणली ती."

"मग?"

उमादेवीला पुढचं जमलं नाही. गुरुसिद्धप्पांनी हात झटकला आणि ते पुन्हा फोनवर बोलू लागले.

ती आतल्या खोलीत गेली. शिवप्रियानं नवा लॅपटॉप लावून कॉलेजचं ड्रॉईंग उघडलं होतं. पडद्यावर घराचं चित्र चौकोन चौकोन करत उमटत होतं. एक चौकोन भरला की बराच वेळ काहीच व्हायचं नाही. पायऱ्या झाल्या होत्या. भिंतीचा तुकडा आला होता. वरचं सगळं अजून करडं होतं.

"कुणाचं घर ह्ये?" उमादेवीनं विचारलं.

"कुणाचंच न्हाय. परीक्षेला द्यायचंय."

"लई वेळ लागंल?"

"लागंल."

उमादेवी तिच्याशेजारी सतरंजीवर बसली. पोरगी सरकली नाही, पण उठ असंही म्हणाली नाही. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. बाहेरून गुरुसिद्धप्पांनी उमादेवीला हाक मारली, सोलापूरच्या पाहुण्यांना फोनवर तुझ्याशी बोलायचंय म्हणून. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या पहिल्या हाकेला उमादेवी उठली नाही असं कधी झालं नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली. मग तिसऱ्यांदा, नाव घेऊन.

पडद्यावर खिडकीची एक बाजू आली होती. दुसरी यायची होती. उमादेवी बसून राहिली.