शब्दकोशांमागचं पुस्तक

मी एक जुनं पुस्तक आहे आणि स्वभावाने संशयी आहे. मित्रांनो, यात माझा दोष नाही. माझ्यातली दोन चित्रं कुणीतरी ब्लेडने कापून नेली, तीही वाचनालयात, 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून. तेव्हापासून जवळ येणारा प्रत्येक हात मी आधी पारखून घेतो.

माझं नाव 'भित्र्या मुलांसाठी दहा धडे'. छापखान्यातून आलो तेव्हा या नावाचा मला कोण अभिमान! लाल अक्षरं, लांबून वाचता येतील एवढी मोठी. ग्रंथपालबाईंनी मला दर्शनी फळीवर ठेवलं. आईवडील मला कौतुकाने घरी न्यायचे आणि मुलं मला पालथं करून ठेवायची. यांना शिकायलाच नको, असं मी ठरवून टाकलं.

मग ती आली. दोन वेण्या, वय अकराच्या आसपास, बोलणं जवळजवळ नाहीच. शाळा सुटली की यायची, इकडेतिकडे बघायची आणि मला घेऊन कोपऱ्यात बसायची. जाताना मात्र मला जागेवर न ठेवता तळच्या फळीवर, जाड शब्दकोशांच्या मागे सरकवायची. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं. आज लपवते आहे, उद्या दप्तरात घालेल. मी त्या दप्तरावर पाळत ठेवली. पाच आठवडे गेले, दप्तर काही उघडलं नाही. चोर भलताच धीराचा दिसतो, असं मला वाटलं.

त्यातच वर्षाची पुस्तकतपासणी आली. माझ्या जागी मी नव्हतो. फळ्यांवर पुस्तकं लावायचं काम मदतनीसकाकांचं.

"काका, पुस्तकाला काय पाय फुटले?" बाई म्हणाल्या. "उद्यापासून तुम्ही दारापाशी बसा. कपाटांना हात लावायचा नाही."

"बावीस वर्षं लावतोय, बाई," काका एवढंच म्हणाले. हातातलं फडकं घडी करून त्यांनी टेबलावर ठेवलं.

वेणीवाली कोपऱ्यातून सगळं ऐकत होती. आता ही काढता पाय घेणार, याची मला खात्री होती. पण तिने शब्दकोशांमागे हात घातला. तिने मला टेबलापर्यंत नेलं आणि नाव वर येईल असं ठेवलं.

"हे मी लपवत होते. काकांना माहीतसुद्धा नव्हतं."

"लपवायचं कशाला? नोंद करून घरी न्यायचं की."

"नाव वाचा ना, बाई. हे घेऊन सगळ्यांसमोर रांगेत कसं उभं राहायचं?"

बाईंनी वाचलं. मीही. इतकी वर्षं मी मुलांवर संशय घेत आलो आणि त्यांची वाट माझ्याच नावाने अडवली होती. मला फार लाज वाटली.

बाईंनी फडकं उचलून काकांच्या हातात दिलं. "चुकलं माझं, काका." मग खणातून खाकी कागद काढला. "कव्हर घालून देते हं. नाव दिसणार नाही."

"मला नको," वेणीवाली म्हणाली. "परत आणलं की घाला. पुढच्याला लागेल."

त्या संध्याकाळी तिने मला भर रस्त्यातून नेलं, लाल अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवून.

मित्रांनो, आता माझ्या अंगावर खाकी कागद आहे आणि मला वाचायला नेणारी मुलंही आहेत. पानं दुमडू नका, हे तुम्हाला कुणी ना कुणी सांगितलंच असेल. माझी विनंती वेगळी आहे. कुणी लपूनछपून वाचताना दिसलं, तर लगेच चोर समजू नका.

संशय मात्र माझा पुरता गेलेला नाही. त्या दिवशी तिचे माझ्यातले चारच धडे वाचून झाले होते. उरलेल्या सहांची तिला खरंच गरज होती का?