वेलीचे सातवे पान

मित्रांनो, आज माझ्याकडे वेळ फार थोडा आहे. समोर कात्री ठेवलेली दिसते आहे. तरी ओळख करून देतो. मी हिमरू शालींच्या हातमागावरचा एक जुना नक्शा आहे. कागदावरचा नव्हे, दोऱ्यांच्या गाठींचा. मला मागाच्या वर टांगतात. माझे दोरे ओढले की खालचे धागे उचलले जातात आणि कापडावर वेल उमटते. विणकर सगळे श्रेय स्वतःकडे घेतात, पण वेल असते माझ्या गाठींत.

बासितमियांनी मला बांधायला अख्खा उन्हाळा घालवला. वेलीची सगळी पाने वर बघतात. सातवे पान मात्र त्यांनी मुद्दाम खाली वळवले. आपल्या मुलाला, गयासला, मागावर बसवले त्या दिवशी ते म्हणाले, "हे पान म्हंजे आपली सही हाय. कुणी वेल चोरली, तर ह्याच्यावरनं कळंल. जो मागावर बसंल त्यालाच सांगायचं. कसम घे."

गयासने कसम घेतली. पुढची चाळीस वर्षे आम्ही दोघांनी शाली विणल्या. ते खाली बघणारे पान कुणाच्या नजरेस आले नाही. मला स्वतःचा लई अभिमान वाटे, खोटे कशाला बोलू.

मग गिऱ्हाईक आटले. माग बंद पडायला आला, तेव्हा गयासची लेक निलोफर पुढे आली. ती कॉम्प्युटरवर डिझाइन शिकलेली. तिने शालींचे फोटो मोबाईलवर टाकले आणि परगावाहून मागण्या येऊ लागल्या. घरी बसलेले तीन विणकर पुन्हा कामाला लागले. हे तिचे उपकारच आहेत. नवे दिसले की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही.

पण फोटो मोठा करून बघता येतो. एक दिवस ती म्हणाली, "अब्बा, लोकं माल परत करायलेत. म्हणतात, एक पान चुकलंय."

"राहू दे ते पान," गयास म्हणाला.

"का पण?"

"राहू दे म्हणलं ना."

एवढेच. ती मागावर बसलेली नव्हती, म्हणून त्याने कारण सांगितले नाही. तिने कॉम्प्युटरवर पान सरळ केले, मागाला माझ्या जागी नव्या वेलीची, भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे बसवली आणि मला खुंटीला अडकवले. त्या दिवसापासून वेल चोरीला जाईल ही भीती माझ्या मनातून गेली नाही.

ती खरी ठरली. बाहेरच्या एका कंपनीने तीच सरळ पानांची वेल यंत्रमागावर काढली, स्वतःच्या नावावर नोंदवली आणि वर निलोफरलाच नोटीस धाडली, की वेल आमची आहे, विक्री थांबवा. चोर पकडून देणारी सही तिने स्वतःच पुसली होती. माग पुन्हा थांबला.

काल निलोफरचे वकील विश्वजीत येऊन गेले. ते तिला म्हणाले, "जुना नक्शा उद्या घेऊन या. आमच्या आजीकडं तुमच्या आजोबांच्या हातची शाल हाय, पावतीसकट. दोन्ही जुळले की वेल तुमचीच. नाय जुळले तर मला बोलायला जागा राहणार नाय."

आज सकाळी गयासने टोपी घातली. "खुलताबादला अब्बांच्या कबरीवर जाऊन येतो. कसम सोडवून घेतो. संध्याकाळी तुला एक गोष्ट सांगायची हाय."

"आत्ताच सांगा की, अब्बा."

"नाय बेटा. आधी त्यांना विचारतो."

तो गेला. निलोफरने मला खुंटीवरून काढले, धूळ झटकली आणि सतरंजीवर पसरले. शेजारी तिच्या नव्या वेलीचा कागद ठेवला. बोटाने ती एकेक पान ताडून बघू लागली. सातव्या पानापाशी बोट थांबले.

"अरे, मुळातच चुकीचं बांधलंय," ती स्वतःशी पुटपुटली. "वकीलसाहेबांसमोर असं कसं न्यायचं? नोटिशीतल्या वेलीशी जुळायला पायजे."

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, की वकिलांच्या आजीच्या शालीवरही हे पान खालीच वळलेले आहे. मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. जुन्या वस्तूत काही वाकडे दिसले, तर सरळ करण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि घरातल्या मोठ्यांना सांगा, की पोरांनी विचारले तर त्याच दिवशी सांगत जा, संध्याकाळची वाट बघू नका.

गयास आत्ता बापाच्या कबरीपाशी बसला असेल. इकडे निलोफरने पहिली गाठ कापली आहे. घाई नाही, चूक नाही, एकेक दोरा जपून सोडवते आहे. पोरीचा हात अगदी बासितमियांचा आहे.